परदेशी विद्यार्थ्यांना सूचना मिळतात, पण त्यांना उलट विचारायची वाट कोणती? कोल्हापुरातील अनुभव हवे आहेत

सागरमाळ

नमस्कार. कोल्हापूर परिसरातील एका महाविद्यालयात मी विज्ञान शाखेत शिकवतो आणि गेली चार वर्षे परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या समन्वयाचे काम माझ्याकडे आहे. या काळात नेपाळ, येमेन, इथिओपिया, अफगाणिस्तान अशा देशांतील मुले-मुली आमच्याकडे आली. त्यांना सूचना पाठवण्यात आम्ही कधी कुचराई केली नाही, आणि तरीही त्यांतील बरेच जण दोन-दोन वर्षे वर्गात एका कोपऱ्यात बसून राहिले. असे का होते, हे मला गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने दाखवले. तो आधी सांगतो.

जुलैअखेरची सकाळ होती. प्रयोगशाळेच्या कुलूप लावलेल्या दारासमोर येमेनचा एक विद्यार्थी ओली छत्री हातात धरून पाऊण तास उभा होता. प्रात्यक्षिक रद्द झाल्याची सूचना आदल्या संध्याकाळीच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली होती. मी त्याचा मोबाईल पाहिला तेव्हा ती त्याच्याकडे होती आणि त्याने ती उघडलीही होती. पण ती सूचना म्हणजे फलकावरच्या मराठी कागदाचा तिरका काढलेला फोटो होता. मधोमध ट्यूबलाइटची चकाकी आणि खालच्या दोन ओळींवर शिक्का. भाषांतराच्या ॲपला त्यातून ‘प्रयोग’ आणि ‘बॅच’ यांपलीकडे काही लागले नव्हते. त्याखाली वर्गप्रतिनिधीचा आवाजी निरोप होता : “उद्या नाही रे, परवा पावणेचारला.” त्यावर चाळीसएक जणांनी अंगठे दाखवले होते. तू का विचारले नाहीस, असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, “सर, ग्रुपवर मी इंग्रजीत काही लिहिले की सगळे एकदम गप्प होतात.”

वर्गप्रतिनिधीच्या त्या एका वाक्यात किती खड्डे आहेत, हे मला तेव्हा कळले. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही; आपण क्रियापदावरून ओळखतो, पण ज्या वाक्यात क्रियापदच नाही तिथे परक्या माणसाने काय करावे? ‘पावणेचार’ ऐकून त्याला फक्त ‘चार’ कळतो, ‘साडेतीन’मधून ‘तीन’ कळतो. इथिओपियाच्या एका विद्यार्थिनीकडून मला याची दुसरी बाजू समजली. त्यांच्याकडे दिवसाचे तास पहाटेपासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला असतो. शिवाय त्यांच्या पंचांगात तेरा महिने असतात. ती पहिले काही आठवडे प्रत्येक वेळ मनात दोनदा फिरवून घेत होती, आणि आमच्यापैकी कोणाच्याही हे गावी नव्हते.

त्यानंतर मी आमच्या विभागापुरते तीन बदल केले. सूचना फोटोऐवजी टाइप केलेल्या मजकुरात जाते, म्हणजे ती कोणत्याही भाषेत फिरवून घेता येते. तारीख, वार आणि वेळ अंकांत लिहिली जाते, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे : १५:४५. तिसरा बदल असा की प्रत्येक सूचनेच्या शेवटी “शंका असल्यास यांना विचारा” असे लिहून एका विद्यार्थ्याचे नाव दिले जाते, आणि ते नाव दर आठवड्याला बदलते. पहिल्या दोन बदलांनी घोटाळे कमी झाले, परंतु मुले बोलू लागली ती तिसऱ्यामुळे. आधी ती सूचनेबद्दल विचारत. मग केस कुठे कापून मिळतील, तिखट कमी असलेली मेस कोणती, केएमटीची कोणती बस रंकाळ्याला जाते, असे प्रश्न आले, आणि ज्याचे नाव त्या आठवड्यात असे तो त्यांना सोबत घेऊनच जाऊ लागला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे म्हटले आहे. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात देशात ४६ हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी नोंदले गेले, आणि त्यांत नेपाळचे विद्यार्थी एक चतुर्थांशाहून जास्त होते. मोठ्या शहरांच्या मानाने आपल्याकडे संख्या थोडी आहे. म्हणूनच एकेका मुलाकडे लक्ष देणे आपल्याला शक्य आहे, असे मला मनापासून वाटते. आपल्यापैकी जे शिकवतात, शिकतात, खोल्या भाड्याने देतात किंवा शेजारी राहतात, त्यांनी कोणते माध्यम उपयोगी पडले आणि कोणते फसले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

दसरा चौक

सर, धाग्याबद्दल आभार. या विषयाला आपल्या जिल्ह्यात जुनी पाळेमुळे आहेत, म्हणून थोडे मागे जातो.

गडहिंग्लजचे डॉ. शां. ब. मुजुमदार पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि तिथल्या वसतिगृहाचे रेक्टरही होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती, हे त्यांनी पाहिले. परदेशी मुलांच्या एकटेपणाचा विचार त्यांच्या मनात तिथून सुरू झाला आणि १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिसची स्थापना केली. आज ते नाव विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, पण सुरुवात परदेशी विद्यार्थ्यांना आपुलकीचे ठिकाण मिळावे या हेतूने झाली. मला त्या प्रसंगात लक्षात राहते ती खिडकी. आजारी मुलगा आपली गरज कोणाला तरी सांगू शकला आणि त्या मुलीपर्यंत ती पोहोचली, एवढे त्याच्यापुरते ‘माध्यम’ होते.

दुसरी गोष्ट राजर्षी शाहू महाराजांच्या बोर्डिंगांची. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातून आलेल्या मुलाला पहिल्या रात्री आपल्या बोलीचे, आपल्या ताटाचे माणूस भेटले पाहिजे, ही त्यामागची जाण होती, आणि शिकायला ही मुले एकत्र बसत. परदेशी विद्यार्थ्यांसाठीही मी हाच क्रम सुचवेन. त्यांच्या देशातील वरच्या वर्गात असलेल्या विद्यार्थ्याशी त्यांची गाठ ते विमानात बसण्यापूर्वीच घालून द्यावी, आणि इथे आल्यावर लगेच इथल्या मुलांमध्ये मिसळतील अशी सोय करावी. यांतील पहिले काम एका व्हिडिओ कॉलने होते. दुसरे मात्र फोनवरून होत नाही.

तिसरी खोली

मी संशोधक विद्यार्थिनी आहे आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. माझी खोलीतील सोबतीण परदेशातून आलेली आहे, त्यामुळे काही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. तिला विचारूनच लिहीत आहे.

आपण सर्व जण व्हॉट्सॲपपासून सुरुवात करतो. मात्र पहिल्या आठवड्यात तिच्याकडे चालू फोन नंबरच नव्हता. परदेशी नागरिकाला सिमकार्ड घेताना पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, स्थानिक पत्ताही लागतो. पत्त्याचा कागद वसतिगृहाकडून, वसतिगृहाचा कागद बोनाफाईडनंतर, बोनाफाईड शुल्क भरल्यावर, आणि शुल्क भरताना ओटीपी इथल्या नंबरवर! एका संस्थेत तर वायफाय सुरू करायलाही भारतीय नंबरच मागतात. त्याच पहिल्या चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून सरकारी नोंदणीही करायची असते, कारण १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ती बंधनकारक आहे. अर्ज ऑनलाइन असला तरी तो भरायला इंटरनेट हवे. तिचे ते पहिले दिवस कसे गेले ते मी पाहिले आहे. घरी “पोहोचले” एवढे कळवण्यासाठी ती माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्री अकराची वाट पाहत असे, कारण दिवसभर मी प्रयोगशाळेत असे.

म्हणून माझी पहिली मागणी कागदाची आहे. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात अर्ध्या पानाचा छापील कागद पडावा, त्यावर वसतिगृहाचा पत्ता मराठीत मोठ्या अक्षरांत असावा, म्हणजे स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्या काकांना तो नुसता दाखवता येईल, आणि मागच्या बाजूला पहिल्या चौदा दिवसांची कामे तारखांसह असावीत. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरणाऱ्या मुलीला त्या क्षणी ॲपचा काडीचाही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट मुलींच्या नंबरची. हजारभर सदस्यांच्या ग्रुपमध्ये तिचा नंबर टाकला गेला आणि तिसऱ्या दिवसापासून तिला अनोळखी लोकांचे “हाय” येऊ लागले. तिने ग्रुप सोडला. पुढे काही महिने वर्गात “ती कोणाशी बोलत नाही” अशी चर्चा झाली; ग्रुप सोडण्याचे कारण मात्र तिला कोणी विचारले नाही. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीमधील घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. सर्वांसाठीच्या सूचना तिथे द्याव्यात आणि बोलण्यासाठी आठ-दहा जणांचा लहान ग्रुप असावा. कोणाचाही नंबर त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकू नये. हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

गंगावेस

माझा विद्यापीठाशी थेट संबंध नाही, मी फुटबॉलचा माणूस. वरच्या चर्चेत एक माध्यम सुटले आहे ते म्हणजे मैदान. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने असले की अख्खे गाव लोटते, आणि आपल्या संघांतून नायजेरियाचे खेळाडू खेळलेले आहेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्यांना मराठी कोणी वर्गात बसवून शिकवली नाही. “सोड”, “मागं बघ”, “एकटाच आहेस” हे शब्द पळता पळता कानावर पडले आणि अंगात भिनले. सामना संपल्यावर चहाच्या गाड्यावर उरलेली भाषा आली.

माझे स्पष्ट मत असे आहे की सगळ्या सूचना इंग्रजीत करून ही मुले कोल्हापूरची होणार नाहीत. सागरमाळ सरांचा बदल वर्गापुरता योग्य आहे, पण वसतिगृहाच्या बाहेर पडल्यावर रिक्षा, मेस, भाजी मंडई, दवाखाना सगळीकडे मराठीच लागणार. त्यांना पहिल्या महिन्यात कामापुरती मराठी शिकवावी, आणि तीही बोलण्यातली. आमच्या भागातील सरावाला सुदानचा एक विद्यार्थी येतो. त्याला कोणीतरी सांगितले की समोरच्याला नावाने हाक मारण्याआधी ‘दादा’, ‘काका’, ‘मावशी’ लावायचे. त्या दिवसापासून मंडईतील मावशी त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची एक काडी जास्तीची टाकतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

सागरमाळ

गंगावेस, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, फक्त एक भर घालतो. परीक्षेची तारीख, शुल्काची मुदत, व्हिसाची नोंदणी अशा गोष्टींत चूक झाली तर त्या मुलाचे वर्ष जाते, म्हणून तिथे त्याला जी भाषा नक्की कळते तीच वापरली पाहिजे. बाकी सगळीकडे मराठी असावी आणि ती आपण सावकाश, स्पष्ट बोलावी. आमच्याकडे आता प्रत्येक सूचना इंग्रजीत आणि त्याखाली सोप्या मराठीत जाते. काही मुले मुद्दाम खालची आधी वाचतात आणि वरचीशी ताडून पाहतात, असे त्यांनीच मला सांगितले.

तिसरी खोली, नंबरच्या बाबतीत आमच्याकडूनही तीच चूक होत होती. या आठवड्यात मी मोठा ग्रुप बंद करत आहे.

राजारामपुरी

मी घरमालक आहे. वरची एक खोली मी दोन परदेशी विद्यार्थ्यांना दिली होती. परदेशी पाहुणा राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, जिला सर्व जण ‘सी फॉर्म’ म्हणतात, हे मला कोणीही सांगितले नव्हते. मला ते त्या मुलांकडूनच कळले, आणि ती मुले माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती. महाविद्यालये विद्यार्थ्यांना सूचना देतात, पण घरमालकाला एक फोन का करत नाहीत? आमच्या गल्लीत खोल्या रिकाम्या आहेत आणि लोक द्यायला तयार आहेत. पोलिसांची झंझट नको, एवढ्याच भीतीने ते नाही म्हणतात. अर्ध्या पानाचा एक कागद आमच्यासाठीही काढा, फक्त मराठीत.

पंचगंगाकाठ

पुराचा विषय आल्याशिवाय कोल्हापुरातील कोणतीही निरोपांची व्यवस्था पूर्ण होणार नाही, म्हणून हा प्रतिसाद.

पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असते. सकाळी उठल्यावर आपण आधी फूट विचारतो. पण बाहेरून आलेल्या मुलाच्या मोबाईलवर “पंचगंगा ४१ फूट ३ इंच” एवढाच मजकूर आला तर त्याने त्यातून काय घ्यायचे? ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, आणि जुलै २०२१ मध्येही तो बंद पडला. २०१९ साली माझ्या शेजारच्या इमारतीत दोन परदेशी मुले होती. दूध का आले नाही, पेट्रोल का मिळत नाही, त्यांना काहीच समजत नव्हते, आणि त्यांच्या देशातील आई-वडिलांनी मात्र बातम्यांत पाण्यात बुडालेले शहर पाहिले होते. फोन सारखा वाजत होता आणि उत्तर काय द्यावे ते त्यांना कळत नव्हते. शेवटी माझ्या मुलीने एका कागदावर नदी, आमची गल्ली आणि महामार्ग काढून दाखवले, पाणी कुठवर आले आहे आणि आपण किती उंचावर आहोत ते रेघांनी समजावले. त्यांनी त्या कागदाचा फोटो घरी पाठवला, तेव्हा कुठे तिकडचे फोन थांबले.

त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यातच या मुलांना एकत्र बसवून नकाशावर हे समजावून द्यावे. फूट म्हणजे काय, कोणता रस्ता आधी बंद होतो, आपले वसतिगृह किती सुरक्षित आहे, आणि संकटात ११२ हा नंबर लावायचा. पुराच्या दिवसांत रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकच निरोप जावा, पाणी स्थिर असले तरीही जावा. निरोप आला नाही की माणूस अफवांकडे वळतो, आणि परक्या गावात तर फार लवकर वळतो.

दसरा चौक

पंचगंगाकाठ यांच्या मुलीने काढलेल्या नकाशावरून कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या स्वतःच्या शाळा, चर्च आणि दवाखाना होता. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. महावीर उद्यानातील त्या पोलिश लोकांच्या स्मारकाजवळून आपण रोज जातो. एवढ्या परक्या माणसांना या गावाने पाच वर्षे सांभाळले आहे. ती पूर्ण वस्ती स्वतःची होती, म्हणून त्यांचे आतले जीवन सुरळीत चालले. आज आलेला विद्यार्थी एकटा येतो, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

तिसरी खोली

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. दिवाळीची सुट्टी.

धनत्रयोदशीच्या आधीच वसतिगृह रिकामे होते. आम्ही सगळ्या गावी जातो, मेस बंद होते आणि वर्षभर वाजणारे ग्रुप एकदम थंडावतात. त्या शांततेत मागे उरतात त्या या तीन-चार मुली. पहिल्या वर्षी मी निघताना तिला “हॅपी दिवाली” म्हणून गेले, आणि परत आले तेव्हा कळले की नऊ दिवस ती ब्रेड, केळी आणि बिस्किटांवर राहिली होती. मेस बंद असल्याची सूचना फलकावर होती, मराठीत. त्या नऊ दिवसांत तिला एकही निरोप आला नव्हता, कारण कळवण्यासारखे महाविद्यालयात काही घडतच नव्हते. बाहेर रोज फटाके आणि दारोदार दिवे, आणि ती खिडकी लावून बसलेली. हे तिने मला सांगितले त्या दिवशी मला झोप आली नाही.

दुसऱ्या वर्षी मी तिला आमच्या गावी, भुदरगड तालुक्यात घेऊन गेले. आईने तिला चकलीच्या साच्याचा दांडा फिरवायला बसवले. तिला मराठी येत नव्हती आणि आईला इंग्रजी, तरी दोघी दुपारभर बोलत होत्या. आता आई मला फोन करते तेव्हा आधी तिची चौकशी करते. पण प्रत्येकीला घरी नेता येत नाही. म्हणून सुट्टीत कोण कोण राहणार आहे याची यादी आधी करावी, शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी दिवस वाटून घ्यावेत, आणि रोज एकाने फोन करावा. लिहून विचारले की ती “ठीक आहे” एवढेच लिहिते. आवाज ऐकला की खरे कळते. मन फार खचले असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तोही त्या अर्ध्या पानावर असावा.

सागरमाळ

सर्वांचे प्रतिसाद मी छापून काढले आणि काल विभागाच्या बैठकीत वाचून दाखवले. तिसरी खोली यांचा शेवटचा प्रतिसाद वाचताना आमच्या कार्यालयातील मावशी दारात थांबल्या होत्या. बैठक संपल्यावर त्या म्हणाल्या, “सर, दिवाळीत एक डबा मी देईन की, माझं घर इथंच आहे.” त्यांचे नाव आम्ही यादीत पहिले लिहिले.

ठरले ते असे. अर्ध्या पानाचा कागद पुढच्या आठवड्यात तयार होईल, आणि घरमालकांसाठी वेगळा, मराठीत. वसतिगृहाच्या पत्त्याचा मराठी मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि सायंकाळी स्टेशनवरच्या दोन रिक्षावाल्यांना दाखवूनही आलो. एकाने सांगितले की ‘विद्यानगर’ पुरेसे नाही, कोणत्या गेटने आत जायचे ते लिहा. ती दुरुस्ती केली आहे. पुराचा नकाशा मात्र आमच्याकडे कोणाला नीट जमेना. पंचगंगाकाठ, आपल्या मुलीने तेव्हा काढलेला कागद अजून जपून ठेवला असेल, तर त्याचा एक फोटो इथे टाकाल का? या वेळी तिरका चालेल.